मस्टरवर नाव नाही, कामावर अपघात झाला: भरपाई कशी मागावी?

पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावरून सकाळी टेम्पोत चढणाऱ्या माणसाचं नाव बहुधा कुठल्याच मस्टरवर नसतं. तो परांचीवरून पडला की मुकादमाचं उत्तर तयारच असतं, "हा आमचा माणूस नाही." पण आधार नाही, नेमणूकपत्र नाही, माणूस परप्रांतातला आहे, म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. तो तिथे कामाला होता आणि काम करतानाच अपघात झाला, एवढं दाखवावं लागतं.

सुरुवात दवाखान्यातून करा. ससून असो की खासगी, "साइटवर काम करताना पडला" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगून एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) नोंदवायला लावा. केसपेपरवर "घरी जिन्यावरून पडला" असं लिहिलं गेलं, तर पुढे ते खोडून काढणं महाकठीण. ही माहिती मुकादमाच्या तोंडून जाऊ देऊ नका, घरचं कुणीतरी आत जा.

त्याच दिवशी साइटच्या बोर्डाचा आणि गेटवरच्या रजिस्टरचा फोटो घ्या. मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, फोनपेवर आलेली मजुरी जपून ठेवा. सोबतच्या दोघातिघांचे गावाकडचे नंबरही घ्या. स्लॅब संपला की माणसं पांगतात.

मग ठेकेदार आणि बिल्डर दोघांनाही रजिस्टर पोस्टानं लेखी कळवा. "ठेकेदाराला विचारा" म्हणून बिल्डर सुटत नाही. भरपाई थेट त्याच्याकडे मागता येते, ठेकेदाराकडून वसूल करणं त्याचं काम.

रक्कम किती? तीस वर्षांचा मजूर, महिना 15,000 रुपये मजुरी आणि कायमचं पूर्ण अपंगत्व असेल, तर मजुरीचे 60 टक्के गुणिले वयाचा गुणांक 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. नुसता अंगठा गेला तर त्याच्या 30 टक्के, 5,61,546. हातावर वीस हजार टेकवून "हिशेब मिटला" लिहून घेणाऱ्यांना हा आकडा पक्का ठाऊक असतो. तिथे अंगठा उठवू नका. उठवला असेल तरी घाबरू नका, हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही.

मजुरीतून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जात असेल तर रस्ता वेगळा, मागणी ईएसआयकडेच करायची.

भरपाईचा 1923 चा जुना कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा. वकिलाचे पैसे नसतील तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. प्लास्टर घेऊन गावी परतला असाल, तरी राहत्या जिल्ह्यातून दावा लावता येतो.