सबनेट मास्क हाताने सोडवा: प्रिंटर शेजारी असून पिंग का जात नाही?

पॅकेट (माहितीचा तुकडा) पाठवण्याआधी कॉम्प्युटर एवढंच बघतो, की समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा. हे ठरतं सबनेट मास्कवरून, म्हणजे पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा हे सांगणाऱ्या आकड्यांवरून. म्हणून पिंग (‘आहेस का?’ असं विचारणारा छोटा संदेश) जात नसेल तर केबल उपसण्याआधी मास्क वाचा.

समजा, कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१०.५०, प्रिंटरचा १९२.१६८.१०.७० आणि दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.१९२. पहिले तीन आकडे सारखे, म्हणजे नेटवर्क एकच असं वाटतं. पण मास्कचा शेवटचा आकडा २५६ मधून वजा करा: २५६ − १९२ = ६४. म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट पडले, ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होणारे. ५० पहिल्या गटात, ७० दुसऱ्यात. एकाच टेबलावर असले तरी ही दोन वेगळी नेटवर्कं झाली. गटातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (गटातल्या सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा), ते यंत्राला द्यायचे नाहीत. दुसऱ्या गटात वापरायला ६५ ते १२६ उरतात, म्हणजे ६२ पत्ते.

गट एकच असता तर कॉम्प्युटरने एआरपीची (आयपीवरून मॅक ॲड्रेस शोधायची पद्धत) हाळी दिली असती, ‘७० कोणाचा?’, आणि प्रिंटरने आपला मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता, कळवला असता. गट वेगळा असल्याने कॉम्प्युटर गेटवेचा, म्हणजे गटाबाहेर जायचं दार असलेल्या राउटरचा, मॅक शोधतो. पॅकेटवर आयपी प्रिंटरचाच असतो, मॅक मात्र राउटरचा. पुढे राउटर मॅक बदलतो. वाटेत नॅट (आयपी बदलून देणारी सोय) नसेल तर आयपी शेवटपर्यंत तोच राहतो.

सगळ्यात जास्त घोळ गेटवेत होतो. गेटवे यंत्राच्या स्वतःच्या गटातलाच हवा. कॉम्प्युटरला १९२.१६८.१०.१ चालेल, प्रिंटरला राउटरचा दुसऱ्या गटातला पत्ता लागेल, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.६५. बरेच जण प्रिंटरलाही .१ टाकतात किंवा ती जागा ०.०.०.० सोडून देतात. मग पिंग प्रिंटरपर्यंत पोचतो, पण उत्तराला परतीची वाट नसते. खूण अशी की दुसऱ्या गटातल्या लॅपटॉपवरून प्रिंट व्यवस्थित निघतो, पहिल्या गटातून नाही. इथे ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मास्कचं गणित नकोच; डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मिळालेला नाही. आणि प्रिंट कधी निघतो, कधी नाही, असं असेल तर एकच आयपी दोघांकडे गेलाय का ते तपासा. ते टाळायला ६६ ते ८० हाताने द्यायला राखून ठेवा, डीएचसीपीला ८१ ते १२६ द्या.

तपासताना कॉम्प्युटरवरून आधी .१, मग .६५ आणि शेवटी .७० असा पिंग करा. .१ गप्प असेल तर दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. .६५ बोलतो आणि .७० गप्प, तर प्रिंटरच्या पॅनेलवर जाऊन मास्क आणि गेटवे बघा.