स्क्रीनवर ठोके दिसत होते, मांडीत नाडी नव्हती : प्राण्यांच्या ईसीजीबद्दल नवीन डॉक्टरांसाठी

इंटर्नशिप संपवून कुत्र्या-मांजरांच्या प्रॅक्टिसला लागलेली पोरं-पोरी मला सारखं विचारतात, मॅडम ईसीजी कसं शिकलात, मशीन कुठलं घेऊ. दरवेळी फोनवर अर्धा तास जातो म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. पी, क्यूआरएस, टी (ईसीजीत एका ठोक्याच्या तीन लाटा) म्हणजे काय हे तुम्हाला येतं असं धरून चालते, फिजिओलॉजीत सगळ्यांनी पाठ केलेलंच असतं. पण पाठ असणं वेगळं आणि समोर धापा टाकणारा पामेरियन, त्याला धरून बसलेली रडवेली काकू आणि कागदावर नुसती करवतीसारखी रेघ, हे वेगळं. पहिले दोन महिने मला एकही स्ट्रिप धड काढता आली नव्हती. तुमचं तसं होत असेल तर घाबरू नका, सगळ्यांचं होतं.

मशीन म्हणाल तर कोल्हापुरात आमच्यापैकी बऱ्याच जणांकडं माणसांच्या दवाखान्यातनं आलेलं सेकंडहँड थ्री चॅनल आहे, आणि ते चालतं. त्याच्या रबरी पट्ट्या आणि छातीचे कप बाजूला ठेवा, क्रोकोडाइल क्लिपा घ्या, दात कानशीनं घासून बोथट करा, नाहीतर कुत्रं दुसऱ्यांदा टेबलावर चढणार नाही. कागदाच्या तळाशी मशीन स्वतःचं निदान छापतं ते मात्र वाचायचंच नाही. ते माणसासाठी बनवलंय. कुत्र्याची टी उंच असली की मशीन तीसुद्धा ठोका म्हणून मोजतं आणि 110 चा रेट 220 छापून मोकळं होतं, मी तर ती पट्टी कात्रीनं कापून टाकते म्हणजे नजरसुद्धा जात नाही. रेट हातानं मोजा. साधं बॉलपेन जवळपास 15 सेंटिमीटरचं असतं, सेकंदाला 25 मिलिमीटर कागद सरकतो त्या स्पीडला तेवढ्यात 6 सेकंद बसतात, पेनाखालचे क्यूआरएस मोजून 10 नं गुणा. स्पीड 50 असेल तर 20 नं.

कॉन्टॅक्ट नीट असला की निम्मं काम झालं. लंडनच्या ऑगस्टस वॉलरनं 1887 मध्ये माणसाचा पहिला ईसीजी काढला, आणि तो जिमी नावाच्या आपल्या बुलडॉगलाही लोकांसमोर उभा करायचा, पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात ठेवून. आपण स्पिरिट ओततो ते त्याच कारणासाठी. केस बाजूला सारा, कातडीपर्यंत भिजवा, कोपराच्या आणि गुडघ्याच्या जवळची सैल कातडी धरा. कुत्रं उजव्या कुशीवर, कारण लाटांच्या उंचीची मापं त्याच स्थितीत ठरवलेली आहेत. मांजराला आडवं पाडायचा हट्ट नको, नुसती लय बघायची असेल तर बसल्या बसल्या काढा. वायरींचे रंग सिग्नलसारखे लक्षात ठेवा : उजवा पुढचा पाय लाल, डावा पुढचा पिवळा, डावा मागचा हिरवा, उरलेला काळा. अमेरिकन केबल असेल तर रंग वेगळे असतात, एकदा तपासून घ्या. लाल-पिवळा उलटा लागला की लीड वनमध्ये (दोन पुढच्या पायांमधली रेघ) सगळं उलटं दिसतं आणि माणूस पुस्तकात दुर्मिळ रोग शोधत बसतो. स्टीलच्या टेबलावर रबरी मॅट किंवा जाड गोधडी टाका, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू झाला की कागदावर बारीक दातेरी रेघ येते, तेव्हा मशीन बॅटरीवर घ्या.

श्वासाबरोबर ठोके जवळ-लांब होणं कुत्र्यात नॉर्मल आहे. घोडा निवांत उभा असताना मधनंच एखादी पी एकटी येते, क्यूआरएसशिवाय, तेही बहुतेक वेळा नॉर्मल. मांजराची आर (क्यूआरएसमधलं वरचं टोक) जेमतेम 0.9 मिलिव्होल्टपर्यंत, त्यामुळं ते नुसतं गुरगुरलं तरी रेघ झाकली जाते. हे सगळं सरावानं येतं. ग्रुपवर स्ट्रिपचा फोटो टाकून "सर प्लीज सांगा" करणाऱ्यांचा मात्र मला खरंच राग येतो. स्पीड लिहिलेला नाही, लीड लिहिलेली नाही, प्राणी कुठला तेही नाही, आणि उत्तर देणारेही धडाधड देतात. त्यापेक्षा माणसांच्या हॉस्पिटलमधल्या जुन्या ईसीजी टेक्निशियनकडं चार रविवार जाऊन बसा. मी बसले होते, स्वच्छ रेघ काढायला तिथंच शिकले.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

माझं प्रॅक्टिसचं पहिलं वर्ष, एका सरांकडं असिस्टंट होते. पावसाळा, पंचगंगा पात्राबाहेर आलेली, पलीकडच्या गावातनं एक मामा टेंपोत घालून कुत्रीला घेऊन आले. आठ वर्षांची लॅब्रॅडॉर, पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू, तीन दिवस खाल्लेलं नाही, हिरड्या विटकरी. सलाईन देऊन थोडी सावरली मग टेबलावर घेतली. भुलीचं इंजेक्शन प्रोपोफॉल, मग भुलीचा वायू आयसोफ्लुरेन. भूल माझ्याकडं होती. मॉनिटरवर ईसीजी आणि जिभेवरच्या प्रोबनं रक्तातला ऑक्सिजन मोजणारं एसपीओटू, बस्स. रेट 118 वरनं 104 वर आला, मला वाटलं बरं झालं, वेदना कमी आहे, भूल स्थिर आहे. मग जिभेवरच्या प्रोबचं रीडिंग गेलं. ते नेहमीच जायचं, जीभ वाळली की जातं, म्हणून मी जीभ ओली केली, प्रोब सरकवला, पुन्हा लावला, पुन्हा गेलं, दुसऱ्या बाजूला लावला. ईसीजी 96, एकेक क्यूआरएस सुबक, पुस्तकात छापावा असा. त्या प्रोबशी मी दोनेक मिनिटं खेळत होते. सरांनी गॉज उचलला, तो कोरडा होता. ते म्हणाले, "रक्त यायचं थांबलं गं. नाडी बघ."

मांडीत हात घातला, काही लागेना. छातीवर स्टेथो ठेवला, शांत. आणि स्क्रीनवर 96.

आम्ही छाती दाबायला सुरुवात केली, अ‍ॅड्रिनलिन दिलं, वीस मिनिटं केलं. ती परत आली नाही. आम्ही हात काढल्यावरही स्क्रीनवर ठोके काही मिनिटं येतच राहिले, हळूहळू रुंद होत गेले. मामा काचेतनं बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "पण टीव्हीवर तर ठोकं दिसत हुतं न्हवं?" मी जमेल तसं सांगितलं, की मामा, ती नुसती वीज होती, हृदय दाबलं जात नव्हतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे मोटर चालू हुती, पानी उचलत नव्हती."

ऊसवाल्या माणसानं एका वाक्यात सांगितलं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. ईसीजी म्हणजे स्टार्टरवरचा दिवा. करंट येतोय एवढंच तो सांगतो. पाइपात पाणी आहे का, फूटव्हॉल्व्ह धरतोय का, शेवटच्या सरीला पाणी पोचलं का, हे दिव्याला माहीत नसतं. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरल्यावर, रक्तवाहिन्या सैल पडलेल्या, अंगातलं पाणी कमी, त्यावर आयसो अजून सैल करणार आणि हृदयाचा जोरही कमी करणार. हृदयात भरायलाच रक्त नाही, स्नायू थकलेला, पण विजेची वाट शाबूत, म्हणून रेघ सुंदर. याला पल्सलेस इलेक्ट्रिकल अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, नाव सगळ्यांना पाठ असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. पण ते समोर येतं तेव्हा त्याच्यावर नाव लिहिलेलं नसतं, ते हुबेहूब नॉर्मल ईसीजीसारखं दिसतं. आणि अलार्म वाजत नाही, कारण मशीनच्या हिशेबानं रेट आहे. पुन्हा सांगते, अलार्म वाजत नाही.

म्हणून प्रोबचं रीडिंग गेलं की आधी नाडी, मग प्रोब. दहातल्या नऊ वेळा जीभच वाळलेली असेल, तरीही आधी नाडी. मांडीची, किंवा ड्रेपखाली हात जात नसेल तर जिभेखालची, नाहीतर मागच्या पंजावरची. दर 5 मिनिटांनी कागदावर लिहा, नुसता आकडा नको, भरलेली का पातळ तेही लिहा. डॉप्लर (रक्तदाब मोजायचं यंत्र) असेल तर सिस्टॉलिक, म्हणजे वरचा रक्तदाब, 90 च्या खाली गेलं की आयसो कमी करा, फ्लुइडचा विचार करा, वाट बघत बसू नका. कॅप्नोग्राफ असेल तर 35-45 च्या दरम्यान चाललेला बाहेर सोडलेल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा धाडकन खाली आला म्हणजे फुप्फुसात रक्तच पोचत नाही, ते ईसीजीच्या कितीतरी आधी कळतं. पैसे एकाच गोष्टीचे असतील तर माझं मत स्पष्ट आहे, मोठ्या स्क्रीनचा ईसीजी मॉनिटर नंतर घ्या, डॉप्लर किंवा कॅप्नोग्राफ आधी. विकणारा उलटं सांगेल.

आणि नाडी नाहीच लागली तर शोधत बसू नका. भूल बंद, मिनिटाला 100 ते 120 दाब, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये थांबायचं नाही, अ‍ॅड्रिनलिन किलोला 0.01 मिलिग्रॅम दर 3 ते 5 मिनिटांनी. यात शॉक देऊन उपयोग नाही, वीज ठीकच आहे. 2012 मध्ये आलेल्या आणि 2024 मध्ये सुधारलेल्या रिकव्हर (कुत्र्या-मांजरांच्या सीपीआरच्या) गाइडलाइन्समध्ये सगळं आहे, तक्ता प्रिंट करून ओटीच्या भिंतीवर लावा.

हे वाचून ईसीजी बिनकामाचं आहे असं समजू नका. लघवी अडकलेला बोका आठवा. तीन दिवस अडकलाय, रक्तात साठलेल्या पोटॅशियमचा रिपोर्ट यायला वेळ आहे, पण कागदावर पी गायब, टी टोकदार, रेट 90. मांजर घाबरलेलं असताना 180-200 हवं तिथं 90. अशा बोक्याला कॅथेटर घालायला भूल देण्याआधी कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतनं सावकाश, नजर ईसीजीवर. मागच्या उन्हाळ्यात शाहूपुरीतनं आलेल्या एका बोक्याच्या कागदावर मी पी लाट परत उगवताना बघितली, आधी पुसट उंचवटा, मग नीट टेकडी. तो वाचला. ईसीजी नसतं तर मी त्याला तशीच भूल दिली असती.

माझ्याकडं आता इंटर्न येतात त्यांना पहिला आठवडा मॉनिटर दिसत नाही, स्क्रीन मी माझ्याकडं वळवून घेते. त्यांनी मांडीत बोटं ठेवून दर काही मिनिटांनी बोलायचं. सुरुवातीला कुणालाच काही लागत नाही, रडकुंडीला येतात, एकीनं तर विचारलं मॅडम मला जमणारच नाही का. जमतं, लसीकरणाला येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची मांडी धरा, महिनाभरात बोटांना कळायला लागतं. परवा तीच मुलगी स्पेच्या (मादीच्या नसबंदीच्या) केसला बसली होती, रेट 102, रेघ एकदम झकास. ती म्हणाली, "मॅडम, पातळ झाली." मी डॉप्लर लावला, 78. आयसो खाली आणलं, फ्लुइड वाढवलं. ती बोटं तशीच ठेवून बसली होती, पाच-सात मिनिटांनी म्हणाली, "आली."