ग्वा शा: मान, खांदे आणि पाठ घासण्याची रीत

ग्वा शा म्हणजे दुखऱ्या जागी तेल लावून ती गुळगुळीत कडेच्या पट्टीने घासण्याचा चिनी उपचार. ‘ग्वा’ म्हणजे घासणं, खरवडणं. ‘शा’ म्हणजे घासल्यावर त्वचेवर उमटणारे वाळूच्या कणांसारखे लाल ठिपके. चिनी वैद्यकानुसार एखाद्या जागी रक्त साकळलं की तिथे दुखतं, आणि घासल्यावर ते साकळलेपण या ठिपक्यांच्या रूपाने वर येतं. आधुनिक भाषेत हे ठिपके म्हणजे केशवाहिन्यांतून त्वचेखाली झिरपलेलं रक्त. दोन्ही बाजूंच्या जाणकारांना एक गोष्ट मान्य आहे: शा जोर लावून काढायचा नसतो. तिथे साकळलेलं असेल तर साध्या, सारख्या दाबाने तो आपोआप येतो. नसेल तर कितीही घासलं तरी नुसती त्वचा सोलवटते.

म्हणून हत्यार उचलण्याआधी बोटांनी पाहून घ्या. दुखऱ्या जागी तीन बोटं दाबून उचला. बोटांचे पांढरे ठसे लगेच पुसले गेले तर तिथे फारसं काही निघणार नाही. ठसे रेंगाळत राहिले तर तिथे शा उमटण्याची शक्यता जास्त असते.

कोणाला करू नये

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, रक्त गोठण्याचा विकार असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर ग्वा शा नाहीच. पायाच्या शिरेत गुठळी असल्यासही नाही. फुगलेल्या शिरा, जखम, पुरळ, उन्हाने भाजलेली त्वचा, उठलेला तीळ, ताजं हाडमोड किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर ती जागा सोडा. गरोदरपणी पोट आणि कंबर घासू नका. खांद्यावरच्या ज्यानजिंग या बिंदूलाही (बिंदू म्हणजे चिनी वैद्यकात उपचारासाठी ठरवलेली जागा) चिनी परंपरेत गरोदर बाईच्या बाबतीत मज्जाव आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि कडांना मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिण्या असतात, त्यामुळे तिथे दाब देऊन कोणालाच घासायचं नाही.

हत्यार आणि तेल

म्हशीच्या शिंगाची किंवा जेड दगडाची पट्टी हे जुनं साधन. चिनी घरांत चिनी मातीचा सूपचा चमचाही सर्रास वापरतात. कड गोल आणि गुळगुळीत हवी, जाडी साधारण जाड नाण्याइतकी. प्रत्येक वेळी कडेवरून अंगठा फिरवून पाहा. नखाला अडेल एवढी कपरी निघाली असली तरी ती पट्टी बाद. जेड हातातून पडला की हमखास कपरी उडते. शिंग गरम पाण्यात वाकडं होतं आणि ते सच्छिद्र असल्याने नीट निर्जंतुक होत नाही. घासताना डोळ्यांना न दिसणारं रक्तही पट्टीला लागू शकतं आणि त्यातून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात. त्यामुळे शिंगाची पट्टी एका माणसापुरतीच ठेवावी. अनेकांवर काम करायचं असेल तर धातूची पट्टी घ्यावी, आधी साबणाने धुवावी आणि मग निर्जंतुक करावी.

तेल कोणतंही साधं, लवकर न जिरणारं चालतं. मान आणि वरची पाठ मिळून एक ते दोन चहाचे चमचे पुरे. तेल फार ओतलं तर पट्टी निसटते आणि कमी पडलं तर त्वचा ओढली जाते.

घासण्याची पद्धत

माणूस उपाशी नसावा, नुकताच जेवलेलाही नसावा. त्याला पालथं झोपवा किंवा खुर्चीत बसवून हात आणि डोकं टेबलावर टेकवायला सांगा. खोलीत गार वारा नको.

पट्टीची मागची कड तळहातात टेकवा, एका बाजूला अंगठा आणि दुसऱ्या बाजूला चार बोटं. पट्टी ज्या दिशेने न्यायची त्या दिशेला सुमारे 45 अंशांत कलती धरा. सरळ उभी धरली की कड त्वचेत रुतते. हालचाल कोपर आणि खांद्यातून करा, मनगट स्थिर ठेवा. मनगटाने घासलं की रेघेच्या शेवटी दाब वाढतो, आणि काळेनिळे डाग नेमके तिथेच पडतात.

रेघ एकाच दिशेने ओढायची, मागेपुढे करायचं नाही. लांबी 10 ते 15 सेंटिमीटर. त्वचेच्या एका पट्ट्यावर दहा ते वीस रेघा. ठिपके दिसू लागले की पुढच्या काही रेघांत ते दाट होतात आणि मग नवे येणं थांबतं. तिथेच हात थांबवा. वीस रेघांनंतरही काही उमटलं नाही तर ती जागा सोडून पुढे जा.

क्रम वरून खाली आणि मधून बाहेर. आधी मानेच्या मधोमध, केसांच्या रेषेपासून मान पुढे वाकवल्यावर सर्वांत उठून दिसणाऱ्या मणक्यापर्यंत घासा. या मणक्याखालचा बिंदू म्हणजे दाझुई. इथे मांस कमी असल्याने हात हलका ठेवा. मग कवटीच्या खालच्या दोन खळग्यांपासून, म्हणजे फंगची बिंदूंपासून, मानेच्या मागच्या बाजूला, कण्याच्या दोन्ही कडेच्या स्नायूंवरून खाली या. तिसरा पट्टा मानेच्या बुडापासून खांद्याच्या टोकापर्यंत. ताठलेल्या मानेत सर्वांत जास्त शा बहुतेकदा इथेच निघतो, म्हणून घाई करू नका. त्यानंतर कण्याच्या दोन्ही बाजूंना, त्या माणसाच्याच दोन बोटांच्या अंतरावर, खवाट्याच्या खालच्या टोकापर्यंत या. मणक्यांच्या उंचवट्यांवर पट्टी दाबू नका. शेवटी कण्यापासून बाहेर, फासळ्यांच्या मधल्या खाचांतून तिरप्या रेघा. सगळं मिळून 15 ते 20 मिनिटं.

काय चुकतं

नुसती आग होते आहे आणि ठिपके नाहीत: तेल वाढवा. बारीक लांब ओरखडे पडत आहेत: कड तपासा. दुसऱ्या दिवशी निळी, दाबल्यावर दुखणारी सूज दिसली तर दाब जास्त झाला होता. खरा शा ठिपक्यांचा, सपाट असतो. थोडं हुळहुळणं चालतं. माणूस श्वास रोखत असेल तर दाब लगेच कमी करा.

घासताना चेहरा पांढरा पडला, गार घाम सुटला, मळमळलं तर काम थांबवा. आडवं झोपवा, पाय उंच करा, सावरल्यावर कोमट पाणी द्या. काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर डॉक्टरांना बोलवा.

नंतर

तेल टिपून घ्या, पाठ झाका, कोमट पाणी प्यायला द्या. तीन-चार तास गार पाण्याने अंघोळ नको. ठिपके बहुधा दोन ते चार दिवसांत फिके होतात, गडद असतील तर आठवडाही लागतो. ते पूर्ण गेल्याशिवाय तीच जागा पुन्हा घासू नका. या काळात डॉक्टरांकडे जाणं झालं तर ग्वा शा केल्याचं आधीच सांगा, कारण हे डाग मारहाणीचे वाटू शकतात.

2007 मधल्या 11 निरोगी लोकांवरच्या एका छोट्या अभ्यासात घासल्यानंतर पहिली साडेसात मिनिटं त्या जागी रक्ताभिसरण चौपट झाल्याचं मोजलं गेलं. 2011 मध्ये जुनाट मानदुखीच्या 48 रुग्णांत, आठवड्याभरानंतर गरम शेकापेक्षा ग्वा शाने जास्त आराम दिसला. म्हणजे आखडलेल्या मानेला तात्पुरता उतार पडावा इतपत आधार आहे. हातात मुंग्या किंवा अशक्तपणा, तापासोबत ताठलेली मान, पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी यांत पट्टी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.