शाळेच्या बसने जाताय? मग सगळ्यात जास्त लक्ष चढताना आणि उतरताना द्या

बसने शाळेत जाणाऱ्या मुलांना आपण सगळे जे सांगतो ते बहुतेक बसच्या आतलं असतं, दंगा करू नका, खिडकीतून हात बाहेर काढू नका, उभं राहू नका वगैरे, आणि ते बरोबरच आहे. पण खरा धोका जास्त करून बसच्या बाहेर असतो. बस येताना, चढताना, उतरताना आणि उतरल्यावर रस्ता ओलांडताना. एकदा सीटवर नीट बसलात की मोठ्या बसमध्ये तुम्ही बऱ्यापैकी सेफ असता, कारण बस जड आणि उंच असते, छोटी गाडी येऊन धडकली तरी बराचसा मार बस स्वतः झेलते. तीच जड बस तुम्ही बाहेर तिच्या शेजारी उभे असता तेव्हा तुमच्यासाठी धोक्याची होते. म्हणून आधी बाहेरचं सांगतो, आतलं नंतर.

स्टॉपवर बस यायच्या निदान पाच मिनिटं आधी पोचायचं. शिस्त वगैरे आहेच पण मुख्य कारण वेगळं आहे, उशीर झाला की मूल पळतं, आणि पळणारं मूल रस्त्याकडे बघत नाही, फक्त बसकडे बघतं. दप्तर, बूट, पाण्याची बाटली रात्रीच एका जागी ठेवली की सकाळची निम्मी पळापळ कमी होते. आणि एवढं करूनही बस सुटलीच तर सुटू द्या. मागे धावायचं नाही, पत्र्यावर थापा मारायच्या नाहीत, घरी परत जायचं किंवा घरी फोन करायचा. इथे आई-बाबांनाही एक विनंती, बस चुकली म्हणून पोराला रागवू नका, निदान त्या क्षणी तरी नको, कारण घरी ओरडा बसणार या भीतीनेच मुलं चालू बसमागे जीव तोडून पळतात.

स्टॉपवर उभं राहायचं ते रस्त्याच्या कडेपासून चांगलं पाच-सहा मोठी पावलं आत, म्हणजे साधारण ३ मीटर. इतकं लांब कशाला असं वाटेल, पण बस कडेला येते तेव्हा तिचा पुढचा कोपरा आणि बाजूचा आरसा फुटपाथच्या वर येऊ शकतो. आणि बस वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आतल्या बाजूने कट मारतात. त्यामुळे पुढचं चाक तुमच्यापासून लांबून गेलं म्हणजे झालं असं नाही, मागचं चाक थेट कडेला घासून येऊ शकतं, आणि त्याच वेळी बसचं शेपूट उलट्या बाजूला बाहेर फिरतं. वळणाच्या कोपऱ्यावर म्हणूनच कधीच उभं राहायचं नाही, मित्र कितीही बोलावू देत. धक्काबुक्की, पकडापकडी, बॉल हे सगळं स्टॉपवर बंद. बस पूर्ण थांबली, दार उघडलं, की मगच पुढे जायचं, लहान मुलं आधी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ड्रायव्हर काका उंचावर बसलेले असतात त्यामुळे त्यांना सगळं दिसत असेल असं आपल्याला वाटतं, पण बसच्या अगदी पुढे, अगदी मागे आणि चाकांच्या जवळ असा बराच भाग असतो जो त्यांना दिसतच नाही, आरशातही धड दिसत नाही. लहान मूल पुढच्या काचेखाली उभं असेल तर ते त्यांच्यासाठी नाहीच. साधा नियम असा धरा की तुम्हाला काकांचा चेहरा दिसत नसेल तर त्यांनाही तुम्ही दिसत नाही आहात. शाळांनी खरं तर एक गोष्ट वर्षातून एकदा तरी करायला पाहिजे, बस मैदानात बंद करून उभी करायची, एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं आणि बाकीच्यांना बसभोवती उभं करायचं. सीटवर बसलेल्या मुलाला कोण कोण दिसत नाही हे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी कळतं आणि मग ते विसरत नाही, शंभर सूचनांपेक्षा याचा उपयोग जास्त.

यातूनच पुढची गोष्ट. चढताना-उतरताना काही पडलं, बाटली, डबा, वही, अगदी फोन, आणि ते बसखाली किंवा बसच्या जवळ गेलं, तर वाकून उचलायचं नाही. उचलायचं नाही म्हणजे नाही! वाकलात की तुम्ही होतात तेवढेही दिसायचे बंद होता, आणि काकांना वाटतं सगळे उतरले, चला. आधी बसपासून लांब व्हायचं, मग काकांना किंवा बसमधल्या ताईंना मोठ्याने सांगायचं, त्या काढून देतील, नाहीतर बस गेल्यावर घ्यायचं. वस्तू चिरडली तरी चालेल, घरचे काही बोलले तर हे वाचायला द्या त्यांना.

लोंबणाऱ्या गोष्टींचं पण बघा. दप्तराचे लांब पट्टे, हुडीची दोरी, गळ्यातलं आयकार्ड, स्कार्फ, या गोष्टी दारात किंवा दाराजवळच्या दांड्यात अडकतात आणि बस निघाली की मूल ओढलं जातं. उतरायच्या आधी दप्तर पाठीवरून काढून पुढे धरायचं, आयकार्ड शर्टात टाकायचं, दोऱ्या आत खोचायच्या, एक हात दांड्याला, एकेक पायरी, उडी नाही. तरी काही अडकलंच तर जोरात ओरडायचं, बसचा पत्रा बडवायचा, आणि आजूबाजूच्या मुलांनीही ओरडायचं. अशा वेळी लाजायचं नाही. आणि दोरी पटकन सुटत नसेल तर दप्तर, जॅकेट जे अंगातून काढता येईल ते काढून टाकायचं.

रस्ता ओलांडण्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. काही ठिकाणी स्कूलबस लाल दिवे लावून थांबली की बाकीच्या गाड्यांनी थांबायचंच असा कायदा असतो. तिथे बसच्या पुढून ओलांडायला सांगतात, पण अगदी नाकासमोरून नाही, आधी कडेकडेने पुढे दहा मोठी पावलं चालायचं, काकांचा चेहरा दिसला पाहिजे, त्यांनी हात केला की निघायचं, आणि बसची बाजू संपते तिथे परत थांबून बघायचं, कारण कायदा असला तरी एखादा घाईतला माणूस बाजूने गाडी काढतोच. जिथे असा कायदा नाही, किंवा तुम्ही साध्या सिटी बसने जाता, तिथे बसच्या पुढूनही नाही आणि मागूनही नाही. बस निघून जाऊ द्या, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसू द्या, मग ओलांडा. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, आणि तुम्ही दिसल्यापासून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच गाडी १४ मीटर पुढे आलेली असते, आणि मग थांबायला जे अंतर लागतं ते वेगळं, पाऊस असेल तर अजून जास्त. बसच्या आडून तुम्ही अचानक पुढे आलात तर कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, तो काही करू शकत नाही.

न्यायला येणाऱ्या मोठ्यांनी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून हात हलवू नये. मुलाला आई दिसली की मूल सरळ पळत सुटतं, मधला रस्ता त्याला दिसत नाही. जिथे मूल उतरतं त्याच बाजूला उभं राहा, अगदी रोज.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. एप्रिल १९३९ मध्ये फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत एक परिषद भरवली होती, अमेरिकेतल्या स्कूलबसचा पिवळा रंग तिथे ठरला, कारण पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अर्धवट उजेडातही तो पटकन नजरेत भरतो आणि त्यावरची काळी अक्षरं नीट वाचता येतात. अंधुक उजेडात बसला जे लागतं तेच तुम्हाला लागतं. अंधारात किंवा पावसात स्टॉपवर उभं राहायचं असेल तर रेनकोट, जॅकेट भडक रंगाचं घ्या, दप्तरावर चमकणारी पट्टी लावून घ्या. काळा रेनकोट दिसायला भारी असेल पण नको.

आता आतलं. बसलं की पाठ सीटला टेकवून, तोंड पुढे, पाय खाली, दप्तर मांडीवर किंवा सीटखाली, मधल्या वाटेत नाही. ज्या स्कूलबसमध्ये उंच पाठीच्या, आत जाड फोम असलेल्या सीट असतात त्या मुद्दाम तशा केलेल्या असतात, जोरात ब्रेक लागला की मूल पुढच्या सीटच्या मऊ पाठीवर आपटावं आणि दोन सीटच्या मध्येच राहावं म्हणून. पण मागे वळून गुडघ्यावर बसलेल्या किंवा वाटेत पाय काढून बसलेल्या मुलाला याचा काही फायदा नाही. बेल्ट असेल तर लावायचाच, कमरेचा पट्टा पोटावर नाही तर खाली कमरेच्या हाडांवर, आणि एका बेल्टमध्ये दोघं कधीच नाही. सिटी बसमध्ये उभं राहायची वेळ आली तर एक पाय पुढे एक मागे, एक हात कायम दांड्याला, दाराच्या पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. चालू बसमध्ये खाऊ नका, धक्का बसला की घास घशात अडकतो. पेन्सिल, कंपास पण दप्तरातच.

गाडी लागते त्यांच्यासाठी, पुढच्या भागात बसा, खिडकीतून लांबवर बघा, वाचू नका आणि फोनमध्ये डोकं घालू नका. कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे पुस्तकावर म्हणजे ते सांगतात आपण स्थिर आहोत, त्या गोंधळातून मळमळ होते. अगदी रिकाम्या पोटीही निघू नका, थोडं खाऊन निघा.

झोपेचं मात्र नीट वाचा. बसमध्ये झोपलेलं मूल कुणाच्या लक्षात आलं नाही आणि बस डेपोत जाऊन बंद झाली, असं खरंच होतं. उन्हात बंद गाडी फार झपाट्याने तापते आणि लहान मुलांचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. म्हणून प्रत्येकाने एक जोडीदार ठरवा, उतरताना त्याला हलवून बघायचंच, आणि तो आज आलाच नसेल तर ताईंना सांगायचं. काही बसमध्ये अगदी मागे एक बटण असतं, ते दाबायला ड्रायव्हरला सगळ्या सीट बघत शेवटपर्यंत जावंच लागतं, नाहीतर अलार्म वाजतो. असं बटण नसलं तरी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे, पालकांनी शाळेला हे विचारावं. आणि तुम्हीच एकटे राहिलात तर? घाबरू नका, पुढे जा, हॉर्न दाबून धरा, सोडा, परत दाबा, बऱ्याच गाड्यांमध्ये चावी नसतानाही हॉर्न वाजतो. खिडक्या उघडा, हाका मारा, आणि इमर्जन्सी दार उघडून बाहेर या.

ते इमर्जन्सी दार कुठे आहे आणि कसं उघडतं हे पहिल्याच आठवड्यात बघून ठेवा. धूर दिसला तर दप्तर सोडा, खाली वाका कारण धूर वर जमतो, आणि धुरापासून जे दार लांब असेल तिथून बाहेर पडा. काच फोडायची वेळ आली तर बाजूच्या खिडकीची फोडायची, मधोमध नाही, हातोडी कोपऱ्यात मारायची, तिचे बारीक तुकडे होतात. पुढच्या मोठ्या काचेच्या मागे लागू नका, तिच्यात दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो, ती तडकते पण सुटत नाही. बाहेर आल्यावर सगळ्यांनी एकत्र, निदान ३० मीटर लांब. फक्त एक वेगळी वेळ, बसवर विजेची तार पडली असेल आणि आग नसेल तर आतच बसून राहायचं, कारण एक पाय जमिनीवर आणि हात बसला लागला की करंट अंगातून जातो.

बसमधल्या त्रासाबद्दल पण बोलायला हवं. मोठी मुलं जागा सोडायला लावतात, डबा घेतात, रोज एखादं नाव पाडून चिडवतात, आणि बसमध्ये शिक्षक नसतात म्हणून हे चालतं. हे सहन करायचं नाही, चुगली वाटेल म्हणून गप्पही बसायचं नाही. ताईंना सांगा, त्यांनी काही केलं नाही तर घरी सांगा, घरच्यांनी शाळेत सांगावं, आणि तोपर्यंत पुढच्या सीटवर बसा. जे बघत असतात त्यांनी एवढं तरी करा की त्या मुलाला हाक मारून आपल्या शेजारी बसवा, निम्मा त्रास तिथेच थांबतो. ड्रायव्हर काका असोत, ताई असोत किंवा दुसरं कुणी मोठं, कुणी नको तसा हात लावला किंवा घरी सांगू नको म्हणालं, तर ते घरी त्याच दिवशी सांगायचं.

शेवटचं, चुकीच्या स्टॉपवर उतरायचं नाही. आपला स्टॉप मागे गेला हे लक्षात आलं तर मध्येच कुठेतरी उतरून चालत येऊ नका, बसमध्येच बसून काकांना सांगा, ते परत सोडतील किंवा घरी फोन करतील. आणि न्यायला येणारं माणूस स्टॉपवर दिसलं नाही तर लहान मुलांनी खाली उतरू नका. घरचे दोन फोन नंबर कागदावर लिहून दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा, फोनमध्ये नाही, कागदावर, बॅटरी नको तेव्हाच संपते.