अनइन्स्टॉलर टूल वापरताना या चुका टाळा

अनइन्स्टॉलर टूल म्हणजे नको असलेलं सॉफ्टवेअर काढून त्याच्या उरलेल्या फाइल्स साफ करणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर सगळ्यात मोठी चूक हे टूल उघडण्याआधीच झालेली असते. सॉफ्टवेअर नको झालं की काही जण 'प्रोग्राम फाइल्स'मधलं त्याचं फोल्डरच उडवतात आणि मग उरलंसुरलं साफ करायला टूल आणतात. पण सॉफ्टवेअरचा स्वतःचा अनइन्स्टॉलर बहुतेक वेळा त्याच फोल्डरमध्ये असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज जिथे सेटिंग्जच्या नोंदी ठेवतं तिथे, 'अनइन्स्टॉल' नावाच्या कीखाली (नोंदीच्या गटाखाली) त्याचा फक्त पत्ता असतो. रेव्होसारखं अनइन्स्टॉलर टूलसुद्धा आधी तो पत्ता वाचून तोच अनइन्स्टॉलर चालवतं, उरलेल्याचा शोध त्यानंतर. फोल्डर उडवून बसला असाल तर तीच आवृत्ती पुन्हा टाका आणि रीतसर काढा.

हा शोध म्हणजे बराचसा अंदाज असतो. सॉफ्टवेअरचं नाव, कंपनीचं नाव आणि इन्स्टॉल झालेली जागा एवढ्यावरून टूल 'अ‍ॅपडेटा', 'प्रोग्रामडेटा' (सॉफ्टवेअर आपला डेटा ठेवतात ती फोल्डर्स) आणि रजिस्ट्री धुंडाळतं. मी एकदा फोटो एडिटर काढला, यादी न वाचताच 'सिलेक्ट ऑल' केलं. त्यात कंपनीच्याच नावाचं एक फोल्डर होतं. दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचं दुसरं सॉफ्टवेअर लायसन्स मागायला लागलं! तेव्हापासून नुसतं कंपनीचं नाव असलेली ओळ दिसली की मी टिक काढतो. रजिस्ट्रीतलं काही पुसण्याआधी रिस्टोअर पॉइंटही (बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीला नेता येईल अशी नोंद) करून ठेवतो.

काही टूल्स अंदाजावर न थांबता इन्स्टॉलेशनवर पाळत ठेवतात, म्हणजे कुठली फाइल आली, कुठली नोंद बदलली ते टिपतात. ही पद्धत जास्त भरवशाची. पण तेवढ्यात मागे ब्राउझर अपडेट झाला, तर काही टूल्सच्या यादीत त्याच्याही फाइल्स शिरतात. तेव्हा बाकीचं सगळं बंद करून मगच इन्स्टॉल करा.

'विंडोज'मधलं 'इन्स्टॉलर' हे लपवलेलं फोल्डर कित्येक जीबी जागा खातं, म्हणून हात शिवशिवतात. हात लावू नका. एमएसआय पॅकेजच्या, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलर फाइल्सच्या, प्रती तिथे असतात, त्या गेल्या की पुढे दुरुस्ती, अपडेट, अनइन्स्टॉल सगळं अडतं. व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलच्या (इतर सॉफ्टवेअर चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या फाइल्सच्या) चार-पाच आवृत्त्या दिसल्या तरी तसंच. प्रत्येकीवर कुठलं ना कुठलं सॉफ्टवेअर चालत असू शकतं.

एखादी डीएलएल (सॉफ्टवेअरच्या कोडची फाइल) 'वापरात आहे' म्हणून हटत नसेल, तर ती बहुधा राइट-क्लिक मेन्यूसाठी एक्सप्लोररमध्ये लोड झालेली असते. अशा फाइल्स विंडोज पुढच्या बूटला पुसू शकतं, टूलही तशीच नोंद करून ठेवतं. म्हणून आधी रीस्टार्ट, मग पुन्हा स्कॅन.

मॅकवर गंमत उलटी. तिथे अ‍ॅप सरळ ट्रॅशमध्ये जातं, पण कॅश आणि प्लिस्ट (सेटिंग्जच्या) फाइल्स 'लायब्ररी' फोल्डरमध्ये राहतात. अ‍ॅपक्लीनर हे मॅकवरचं टूल त्या शोधतं अ‍ॅपच्या बंडल आयडीवरून (अ‍ॅपच्या खास ओळखनावावरून), आणि तो आयडी असतो अ‍ॅपच्याच पोटात. त्यामुळे ट्रॅश रिकामा करण्याआधी अ‍ॅप अ‍ॅपक्लीनरच्या खिडकीत ओढून टाका.