विहिरीत शिकलेल्या पोहणाऱ्याची पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन

स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, तेही सलग, घड्याळ न थांबवता. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथम आला तो १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर या अंतरांचा. स्प्रिंट त्याच्या बरोबर निम्मी. नोकरी सांभाळून आठवड्याला सहा-सात तास काढू शकणाऱ्या माणसाला ती दहा-बारा आठवड्यांच्या तयारीने झेपते, आणि पहिल्या खेपेला साधारण दीड ते दोन तास लागतात. मराठवाड्यातल्या हौशी खेळाडूला सायकल आणि धावणे नवे नसते. त्याचे अडते ते पाण्यात. म्हणून तयारीचा निम्मा वेळ पोहण्याला द्यावा, असे माझे मत आहे.

आमच्याकडे बहुतेक जण विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा बांधून आणि काठावर उभ्या असलेल्या काकांच्या भरवशावर, पैठण तालुक्यातल्या एका विहिरीत मीही असाच शिकलो. त्या शिकण्याने पाण्याची भीती जाते, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचबरोबर डोके वर धरून, श्वास कोंडून, दहा-बारा हात मारले की काठ धरायचा, ही खोड अंगात मुरते. विहिरीत काठ कधीच लांब नसतो, त्यामुळे ती खपून जाते. पोहण्याच्या तलावात मात्र डोके वर राहिले की कंबर आणि पाय खाली जातात, पुढे सरकण्याऐवजी तरंगत राहण्यातच ताकद खर्च होते, आणि छातीत कोंडलेली हवा बाहेर न गेल्याने नवा श्वास आत मावत नाही. शंभर मीटरच्या आत धाप लागते ती यामुळे.

ही खोड मोडण्यासाठी पहिले दोन आठवडे अंतराच्या मागे लागू नये. छातीएवढ्या पाण्यात उभे राहून तोंड बुडवावे आणि ओठ मिटून ‘हूं’ असा आवाज काढत नाकावाटे बुडबुडे सोडावेत. आवाज थांबला की समजावे, श्वास कोंडला गेला. मग मान उचलण्याऐवजी सबंध अंग कुशीवर वळवून, एक कान पाण्यातच ठेवून श्वास घ्यावा. हे जमले की २५ मीटरच्या आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर अर्धा मिनिट विश्रांती, असे सुरू करावे. पुढच्या आठवड्यांत ५० मीटरच्या दहा, नंतर १०० मीटरच्या सहा-सात फेऱ्या कराव्यात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ७५० मीटर, म्हणजे २५ मीटरच्या तलावात ३० फेऱ्या, सलग पोहून पाहाव्यात. वेळ किती लागला, हे त्या दिवशी पाहू नये. नियमांनुसार कोणत्याही प्रकारे पोहता येते, त्यामुळे मधे दहा-वीस मीटर ब्रेस्टस्ट्रोक केला तरी काही बिघडत नाही.

पोहण्याची तयारी शक्यतो दिवाळीनंतर सुरू करून होळीच्या आत उरकावी. थंड पाण्याची कुरकुर परवडते, पण उन्हाळ्याचा भरवसा नसतो. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे टंचाई आली की पोहण्याच्या तलावाचे पाणी आधी तुटणार, हे गृहीतच धरलेले बरे.

स्पर्धा बहुधा खुल्या तळ्यात किंवा समुद्रात असते, आणि तिथे पोहण्याच्या तलावासारखी तळाशी काळी रेघ नसते. त्यासाठी दर सात-आठ हातांनी केवळ डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा रंगीत बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, पाहण्याचा सराव करावा. पाण्यात पडलेल्या म्हशीचे डोळे आणि नाकपुड्या जेवढ्या वर दिसतात, तेवढेच. तीन-चार मित्रांना एकाच लेनमध्ये घेऊन मुद्दाम हातपाय लागू देत पोहावे, म्हणजे सुरुवातीच्या गर्दीचा धसका बसत नाही. खुल्या पाण्याच्या हौसेपायी नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, किंवा कालव्यात एकट्याने उतरणे मात्र पूर्णपणे टाळावे. धरणाच्या काठाला गाळ असतो, तर कालव्याची ओढ वरून दिसत नाही आणि अस्तर केलेल्या निसरड्या काठावर पकडायला काही सापडत नाही. सरावासाठी एखादी मोठी विहीर चालेल. पण तिला पायऱ्या हव्यात आणि वर दोर घेतलेला माणूस हवा.

ट्रायथलॉनमध्ये आजवर झालेल्या मृत्यूंपैकी बहुतांश पोहण्याच्या टप्प्यातले आहेत. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. पण वय चाळिशीकडे झुकले असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. स्पर्धेत सर्वांत मागे आणि कडेला उभे राहावे, शिट्टीनंतर दहा सेकंद थांबून निघावे. धडधड वाढली तर पाठीवर तरंगून हात वर करावा. मदतीची नाव धरून विसावा घेता येतो. तिच्या आधाराने पुढे सरकता मात्र येत नाही.

सायकलबद्दल फार खर्चात पडू नये. पहिल्या स्पर्धेला साधी हायब्रीड सायकल पुरते; तिचे टायर आणि ब्रेक नीट हवेत. आठवड्यातून दोन दिवस सायकल चालवावी, त्यातला एक दिवस ३० किलोमीटरचा असावा. आपल्या रस्त्यांवर दोन गोष्टी हमखास भेटतात: बाभळीचा काटा आणि गळीत हंगामातली उसाची ट्रॉली. पहिल्यासाठी जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप सोबत ठेवावा आणि दहा मिनिटांत ट्यूब बदलण्याचा सराव घरच्या अंगणात करावा, कारण स्पर्धेत बाहेरच्या माणसाची मदत चालत नाही. दुसरीसाठी पहाटे मागचा लाल दिवा लावल्याशिवाय निघू नये. पुढच्या ट्रॉलीला मागचा दिवा असेल, असेही धरून चालू नये. समृद्धी महामार्ग कितीही गुळगुळीत दिसला, तरी तिथे सायकलला परवानगी नाही.

धावण्याचे थोडक्यात सांगतो. पाच किलोमीटर न थांबता धावता येणे पुरेसे आहे. खरा सराव सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा, ज्याला ‘ब्रिक’ म्हणतात. पहिल्या किलोमीटरला पाय जड, दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे वाटतात. शेवटच्या सहा आठवड्यांत दर रविवारी १५ किलोमीटर सायकल आणि त्याला जोडून दोन किलोमीटर धाव केली, की या विचित्रपणाची सवय होते.

आता ट्रान्झिशन, म्हणजे पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्यावर येण्याची जागा. आदल्या दिवशी घराच्या गच्चीवर याची तालीम करावी. सायकलच्या बाजूला हातभर रुंद पंचा अंथरावा. त्यावर बूट, तोंड उघडे करून. नाडीऐवजी लवचिक इलॅस्टिक. मोजे अर्धे गुंडाळून, आत थोडी पावडर, कारण ओल्या पायावर मोजा चढत नाही आणि तिथेच मिनिट जाते. हेल्मेट हँडलवर उलटे, पट्टे बाहेर सोडलेले, आत चष्मा. नंबराचा पट्टा कमरेला: सायकलवर नंबर पाठीकडे, धावताना पुढे. सायकल आधीच हलक्या गिअरवर लावून ठेवावी.

इथे एक नियम कधीही विसरू नये: हेल्मेटची क्लिप लागेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगेपर्यंत क्लिप सोडायची नाही. पहिल्या स्पर्धेत मी घाईने सायकल उचलली, पट्टे गळ्याशी लोंबत होते. पंचांनी थांबवून सायकल परत ठेवायला लावली, आणि थरथरत्या बोटांना ती क्लिप काही केल्या सापडेना. सायकलवर बसण्याची आणि उतरण्याची रेघही अशीच काटेकोर पाळली जाते. कानात इअरफोन चालत नाहीत, उघड्या अंगाने धावता येत नाही, आणि मागे मागे राहून वारा चुकवण्याला मनाई असलेल्या स्पर्धेत पुढच्या सायकलपासून साधारण १० मीटर अंतर ठेवावे लागते. आयोजकांची नियमपत्रिका म्हणूनच आदल्या रात्री एकदा वाचावी.

खाण्याचे प्रयोग त्या दिवशी करू नयेत. सुरुवातीच्या अडीच तास आधी सरावातले जे पचते तेच खावे. मला केळे आणि गूळ लावलेली अर्धी पोळी मानवते, भाकरी मात्र पोटात बसून राहते. सायकलच्या बाटलीत लिंबू, साखर आणि मीठ घातलेले पाणी पुरते. ऊन असेल तर धावताना प्रत्येक थांब्यावर दोन घोट घेऊन उरलेले पाणी मानेवर ओतावे.

पोहण्यात दम राखावा, सायकलवर पहिले पाच किलोमीटर बोलता येईल इतक्याच जोराने जावे आणि धावताना पहिला किलोमीटर मुद्दाम हळू ठेवावा. उरलेला जोर शेवटच्या दोन किलोमीटरला काढावा. रेघ ओलांडल्यावर लगेच बसू नये, दहा मिनिटे चालत राहावे. घोट्याला बांधलेली टायमिंग चिप परत द्यावी; ती सकाळी डाव्या पायात बांधावी, कारण साखळी उजवीकडे असते. सायकल बाहेर नेताना दाराशी दंडावरचा आणि सायकलवरचा नंबर जुळवून पाहतात, म्हणून तोवर शाई पुसू नये.