मुलांकडून कविता लिहून घेताय? सुरुवातीलाच या चुका टाळा

शाळा सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत प्राथमिकच्या वर्गात कविता लिहून घेण्याचा उपक्रम हमखास होतो. पाठांना अजून वेग आलेला नसतो, मुलं एकमेकांना नवी असतात, भिंतीवर लावायला काहीतरी हवं असतं. वेळ चांगलीच आहे. पण कविता आपल्याला जमते की नाही, हे मूल याच दिवसांत मनाशी ठरवून टाकतं आणि ते मत नंतर बदलणं फार जड जातं. म्हणून सुरुवात जपून करावी.

यमकापासून सुरुवात करणे

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ‘कवितेत ओळींचे शेवट जुळले पाहिजेत’ असं सांगितलं की पाचच मिनिटांत वह्यांमध्ये हे उतरतं:

पाऊस येतो
मोर नाचतो
बेडूक ओरडतो
मी शाळेत जातो

मुलाला वाटतं यमक जुळलं. खरं तर नुसता क्रियापदाचा प्रत्यय जुळलाय. मराठी वाक्य बहुतेक वेळा क्रियापदावर संपतं, त्यामुळे हे ‘-तो’ आणि ‘-ते’ आयतेच हाताशी येतात, आणि ज्या मुलाने मोर कधी नाचताना पाहिला नाही तेही मोर नाचवतं. जरा चोखंदळ मूल असलं तर ते ‘ढग’ला ‘जग’ आणि ‘मग’ शोधत बसतं. ढगाबद्दल त्याला जे सांगायचं होतं ते बाजूलाच राहतं.

अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना कविता लिहायला शिकवायला सुरुवात केली. त्यांनी यमकाला मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. त्याऐवजी प्रत्येक ओळीत ‘मला वाटतं की…’ अशा धर्तीचे ठरलेले शब्द आणायचे, एवढाच नियम. ओळी पुन्हापुन्हा त्याच शब्दांनी सुरू झाल्या की लय आपोआप येते आणि मूल काय म्हणायचंय याकडे लक्ष देऊ शकतं.

नाद हवाच असेल तर तो ओळीच्या शेवटी शोधण्यापेक्षा ओळीच्या आत शोधावा. आपल्या भाषेत रिमझिम, सळसळ, खळखळ, लखलख, कुजबुज असे शब्द मुबलक आहेत. सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसून वर्गातले आवाज ऐकायचे आणि प्रत्येक आवाजाला शब्द द्यायचा. पंख्याचा आवाज नेमका कसा? ‘घरघर’ की ‘खटखट’? यावर मुलं वाद घालू लागली, की कवितेचं काम सुरू झालं असं समजा. एखाद्याने स्वतःहून यमक जुळवलं तर मात्र अडवू नका.

विषय फार मोठा देणे

‘निसर्ग’, ‘माझी आई’, ‘पाऊस’. या विषयांवर मुलांनी निबंध आधीच लिहिलेले असतात, त्यामुळे निबंधाचीच वाक्यं एकाखाली एक येतात. विषय हातात मावेल एवढा द्या.

पेन्सिलीला टोक काढताना शार्पनरमधून निघालेली साल घ्या. ती तळहातावर ठेवायला सांगा. कडेला रंगाची बारीक रेघ दिसते, दाबली तर तुटते, वास येतो. आता विचारा, ‘ही कशासारखी दिसते?’ पहिलं उत्तर बहुधा ‘फुलासारखी’ येईल. ते फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘अजून?’ तिसऱ्या-चौथ्या उत्तरापर्यंत थांबा. फ्रॉकची झालर, मुंगीचा जिना, पेन्सिलीचा काढून ठेवलेला सदरा, असं काही यायला लागतं. मोठ्यांना थांबवत नाही, आपणच एक सुंदर उपमा सुचवतो आणि मग पन्नास वह्यांत तीच दिसते. तो मोह आवरा.

नावाच्या अक्षरांची कविता पुरेसा विचार न करता देणे

वर्षाच्या सुरुवातीला ओळख व्हावी म्हणून हा प्रकार लोकप्रिय आहे: नावाचं एकेक अक्षर घेऊन त्यापासून ओळ सुरू करायची. पण मराठीत ‘ण’ किंवा ‘ळ’ने सुरू होणारा रोजच्या वापरातला शब्दच नाही. किरण, वरुण, मृणाल यांनी करायचं काय? जोडाक्षरं असलेल्या नावांचीही हीच अडचण. आधीच सांगून टाका, की ते अक्षर ओळीत कुठेही आलं तरी चालेल.

एकदम कोरा कागद पुढे करणे

‘मला काही सुचत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा इथूनच येतं. आधी दोन-तीन कविता नुसत्या मोठ्याने वाचून दाखवा, अर्थ विचारू नका. मग फळ्यावर सगळ्यांची मिळून एक कविता करा, प्रत्येकाची एक ओळ. ज्यांना अजून नीट लिहिता येत नाही त्यांनी सांगावं आणि तुम्ही लिहून घ्यावं, त्यांच्याच शब्दांत, घरच्या बोलीतला शब्द असला तरी. तो सुधारलात तर ओळ तुमची होते.

ओळ कुठे तोडायची हे न दाखवणे

हे फळ्यावर दोन मिनिटांत होतं. ‘माझी चप्पल आज दाराशी एकटीच बसली आहे’ हे वाक्य आधी सलग वाचा. मग असं लिहा:

माझी चप्पल आज
दाराशी
एकटीच
बसली आहे

पुन्हा वाचा, प्रत्येक ओळीनंतर थांबून. ‘एकटीच’ या शब्दावर काय होतं ते विचारा. लहान मुलांनाही हे कळतं, आणि आपलंच जुनं वाक्य ती लगेच तोडून पाहू लागतात. अष्टाक्षरीसारखा अक्षरं मोजण्याचा खेळ याच्या बराच नंतरचा.

पहिल्याच मसुद्यावर लाल पेन

ऱ्हस्व-दीर्घ शिकवायला बाकीचे तास आहेत. भिंतीवर लावायची प्रत करताना शुद्धलेखन मुलासोबत बसून बघा, तोवर वहीवर खुणा नकोत. नुसतं ‘छान’ लिहूनही भागत नाही. आवडलेल्या एका शब्दाखाली रेघ मारा आणि तो का आवडला ते मुलाला सांगा. कविता वाचून दाखवायची सक्ती करू नका. लाजणाऱ्या मुलाची कविता, त्याने होकार दिला तर, तुम्ही वाचा. आणि पहिल्या महिन्यात स्पर्धा तर मुळीच नको. नंबर आलेली कविता कशी असते हे कळलं, की पुढच्या वेळी सगळा वर्ग तशीच लिहायला जातो.